खडपाईचं वळण आणि स्टीलचं पातं

ताईने तिसरा इम्पेलर आणून थेट बाबांच्या ताटात ठेवला. बाबा जेवत होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, सोलकढीची वाटी जरा बाजूला सरकवली आणि पुढचा घास घेतला.

"ह्यो काय?"

"तिसरो," ताई म्हणाली.

इम्पेलर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मिक्सरचं पातं आणि छताचा पंखा यांचं लग्न झालं आणि मूल दोघांपेक्षा जाड निघालं, तर ते असं दिसेल. जेट बोटीच्या बुडाखाली पंखा नसतो. ती पोटातून पाणी आत ओढते आणि मागून जोरात फेकते. हे ओढायचं-फेकायचं काम इम्पेलरचं. तो एका कड्याच्या आत फिरतो आणि दोघांमध्ये नखाएवढी फट असते. बुडाखाली काही लोंबत नाही म्हणून ही बोट गुडघाभर पाण्यातही पळते. ताटातल्या इम्पेलरची पाती मात्र कडेने चावलेली होती. मी म्हटलं, उंदीर असणार, पोहणारा. कोणी हसलं नाही. मला त्याची सवय होती.

आमचं गाव कोरजुवा. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. आमचं आडनाव तारी, आणि पिढ्यान् पिढ्या पलीकडे माणसं नेण्याचं काम आमचंच. बाबांच्या तरुणपणी खाडी खोल होती. पुढे ती वाळूने भरत गेली आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की होडी मधेच टेकायला लागली. शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं, मासळीच्या टोपल्या, सगळे भरतीची वाट बघत बसून राहायचे. ताई पुण्याला पंपाच्या कारखान्यात नोकरीला होती. ती नोकरी सोडून आली आणि गोव्यातल्या एका बंद पडलेल्या जलक्रीडावाल्याकडून ही बोट उचलून आणली. साडेतीनशे घोड्यांचं इंजिन. जुव्यावर तोपर्यंत एकही घोडा नव्हता आणि गाढव एकच होतं, असं बाबा माझ्याकडे बघत म्हणाले होते.

आता बंदर खात्याने कळवलं होतं की तरीचा, म्हणजे माणसं पलीकडे नेण्याचा, ठेका हवा असेल तर चाचणी द्या. येत्या अमावस्येची सुकती, म्हणजे महिन्यातलं सगळ्यात कमी पाणी. पूर्ण माणसं भरून पलीकडे जायचं आणि परत यायचं, कुठेही न टेकता. एकदा आम्ही नापास झालो होतो. बोट अर्ध्यात मेली होती आणि बाबांनी ती साहेबासकट दोरीने ओढत काठाला आणली होती. या वेळी हुकलं तर ठेका वेंगुर्ल्याच्या एका कंत्राटदाराला जाणार होता. त्याच्या लाँचा फक्त भरतीला चालायच्या.

"तिन्ही अ‍ॅल्युमिनियमचे होते," ताई म्हणाली. "आता ह्या नको."

बाबांचं मत कांशाचं होतं. देवळातली घंटा कांशाची आहे, इतकी वर्षं खारा वारा खाते, तिला काही झालं का? ताईने शांतपणे सांगितलं की घंटा फिरत नाही. मी म्हटलं, फिरवली तर पुजारी फिरेल. ताई मग भाताच्या ढिगावर बोटाने आकृती काढून आम्हाला समजावत बसली. कांसं खाऱ्या पाण्याला भीत नाही, पण आमच्या वाळूपुढे मऊ पडेल. एवढ्या घोड्यांची ताकद पेलायची तर त्याचं पातं जाड करावं लागेल आणि जाड पातं पाणी कापत नाही, बडवतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, पण ते वाकतं, झिजतं आणि चावलं गेलं की पाण्यात फेस करतं. मग इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट जागच्या जागी. राहिलं स्टील. ते पातळ ठेवता येतं, धार टिकते, वाळू त्याला काही करत नाही.

"मग इतके दिवस ता कित्याक नाय घातलंस?" बाबांनी विचारलं.

ताई म्हणाली, स्टील हटत नाही. आत काही अडकलं तर अ‍ॅल्युमिनियमचं पातं स्वतः मोडून घेतं आणि बोट कशीबशी घरी येते. स्टील मोडून घेत नाही. ते दुसऱ्या कोणाला तरी मोडतं. इम्पेलर फिरवणाऱ्या दांड्याला, नाहीतर इंजिनला.

"आत काय अडकतला? रेवच मां?" रेव म्हणजे आमची वाळू. असं म्हणून बाबांनी ताटातला इम्पेलर उचलून जमिनीवर ठेवला आणि भात संपवला.

स्टीलचा इम्पेलर मागवला. त्यानंतरचे दिवस मी जेटीवर फेऱ्या मारत काढले. कुरिअरवाल्याला मी इतके फोन केले की तो मला नावाने ओळखायला लागला आणि त्याच्या बहिणीसाठी स्थळ विचारू लागला. ताई रोज पंप उघडायची, पुसायची आणि बंद करायची. बाबा भरती-सुकतीकडे असं बघायचे की जणू तीच आमची परीक्षा घेणार आहे आणि ते एका अर्थी खरंच होतं.

खोकं आलं ते आमच्याकडे नाही. पत्त्यात ताईने ओळखीची खूण म्हणून "खडपाईच्या देवळाजवळ" लिहिलं होतं. कुरिअरच्या पोऱ्याने ते देवळाच्या पायरीवर ठेवलं आणि सुकती लागायच्या आत पळाला. आम्हाला कळेपर्यंत संध्याकाळ झाली होती. आम्ही देवळात पोहोचलो तर इम्पेलर गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभा होता, हळदीकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूची माळ, पुढे नारळ फोडलेला. मुंबईच्या कोणा भक्ताने देवीला चक्र पाठवलं, असं पुजाऱ्याने गृहीत धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर चकचकीत स्टीलची वळलेली पाती समईच्या उजेडात बघितल्यावर मलाही हात जोडावेसे वाटले.

शालूकाकी, म्हणजे आमच्या बोटीने रोज मासळी पलीकडे नेणारी आमची सगळ्यात जड प्रवासी, त्याच्यापुढे डोळे मिटून बसली होती. तिने मुलाच्या लग्नाचा नवस बोलून टाकला होता. ताईने तिला समजावलं की हा बोटीचा भाग आहे. शालूकाकीने डोळे न उघडताच सांगितलं की बोटीचा असो नाहीतर विमानाचा, आता नवस बोलून झाला, परत घेता येत नाही.

तर असा आम्ही देव उचलून पंपात बसवला. पाती धुतली, पण मधल्या बोंडाला थोडं कुंकू राहिलंच. आणि दुसऱ्या दिवसापासून लोक बोटीत चढताना उंबऱ्याला करावा तसा बोटीच्या कडेला नमस्कार करू लागले.

बोट सुटली ती मात्र बघण्यासारखी. जुव्यावरची माणसं घराबाहेर आली. ताईच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी हसू बघितलं. पाणी इतकं पातळ की खालची वाळू दिसत होती आणि आम्ही तिच्यावरून उडत होतो. मग खडपाईचं वळण आलं.

खाडीच्या मधोमध काळा खडक आहे, शेंदूर लावलेला. तीच खडपाई, देऊळ नंतर काठावर बांधलं, पण मूळ देवी ही. तिच्याजवळ पाण्याची वाट अरुंद होऊन वळते, त्यामुळे तिथे कोणालाही हळू व्हावंच लागतं. आमच्या घराण्याची रीतही तीच: तिथे होडी थांबवायची, लोकांनी हात जोडायचे, पाण्यात नाणं टाकायचं, मग पुढे. ताईने इंजिन कमी केलं. सगळ्यांनी हात जोडले. त्या दिवशी बोटीत देवच बसलेला असल्यामुळे लोकांनी हात जरा सैल सोडले होते. नाणी पावसासारखी पडली. ताईने पुन्हा जोर दिला, आतून एक असा आवाज झाला की कोणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून ढकललं असावं, आणि साडेतीनशे घोडे एकदम गप्प झाले.

बाबांनी आम्हाला पुन्हा दोरीने ओढत आणलं.

ताईने पंप उघडला. स्टीलच्या पात्याला ओरखडासुद्धा नव्हता. पातं आणि कडं यांच्या मधे दोन रुपयांचं नाणं पाचरीसारखं बसलं होतं आणि मागे दांड्याचा जोड तुटून पडला होता. मग तिने कोपऱ्यातून ताटातला तो जुना इम्पेलर आणला आणि नाणं त्याच्या पात्याच्या एका चाव्यात ठेवलं. ते बसलं. दुसऱ्या चाव्यात ठेवलं. तिथेही बसलं. इतके दिवस आम्ही वाळूला शिव्या देत होतो. लोक देवीला देत होते ते बुडता बुडता आमचीच बोट गिळत होती, नेमकी हळू झाल्यावर, नेमकी त्या जागी.

मी म्हटलं, म्हणजे उंदीर नव्हता. ताई म्हणाली, गप बस.

अमावस्या तोंडावर आली होती. दांड्याचा जोड कुडाळला नेऊन करून आणला. मी जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधलं आणि दोन दिवस खडपाईभोवती गळ टाकल्यासारखा बसलो. निघालेली नाणी देवळात नेऊन ओतली तेव्हा पुजाऱ्याने विचारलं, देवीने परत पाठवली की काय. प्रश्न उरला तो पुढच्या नाण्यांचा. अ‍ॅल्युमिनियमचा एक नवा इम्पेलर अजून शिल्लक होता. तो बसवला असता तर एखादं नाणं पचलं असतं. पण पूर्ण माणसं भरल्यावर चावलेल्या पात्याने बोट उचलली गेली नसती, हे आम्ही एकदा भोगलं होतं. ताईने स्टीलच ठेवायचं ठरवलं. आणि मग ती बाबांसमोर जाऊन बसली. म्हणाली, लोक माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तू सांग की यापुढे खडपाईला नाणं टाकायचं नाही, थांबायचंही नाही.

बाबा जाळ्याची गाठ मारत होते.

"माका जमाचा नाय."

"कित्याक?"

"माझ्या बापाशीन थांबवल्यान, तेच्या बापाशीन थांबवल्यान. तिका इचारल्याशिवाय होडी पुढे गेली नाय कधी."

ताई उठली. दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "आयेक नेताना पण थांबलस."

हे आमच्या घरात कोणी बोलत नसे. मी तेव्हा कुडाळला वसतिगृहात होतो, ताई पुण्याला. आईच्या पोटात कळा येत होत्या, सुकती लागत होती आणि बाबा एकटेच तिला होडीतून पलीकडे नेत होते. खडपाईशी त्यांनी रीतीप्रमाणे होडी थांबवली, नाणं टाकलं. तेवढ्यात तळ वाळूला लागला. पुन्हा भरती आली तोपर्यंत आई गेली होती. एवढंच आम्हाला माहीत होतं.

बाबांनी जाळं खाली ठेवलं नाही. गाठ मात्र चुकीची पडली असावी, कारण त्यांनी ती सोडवून पुन्हा मारली.

मी काहीतरी विनोद करायला हवा होता. मी उठून जेटीवर गेलो आणि अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारत राहिलो.

चाचणीचे साहेब शिरगुप्पे नावाचे, सांगलीकडचे. स्वतः फुगवलेलं लाइफ जॅकेट घालूनच जीपमधून उतरले. माणसं म्हणून आमचेच लोक बसणार होते. बोटीत चढण्याआधी ताईने मला झडतीच्या कामावर लावलं. माझ्या हेल्मेटात लोक मुकाट्याने नाणी टाकत होते. पदराच्या गाठी सुटल्या, पाकिटं उलटी झाली. शालूकाकीने सांगितलं की तिच्या कमरेच्या पिशवीला हात लावला तर तो हात मासळीबरोबर विकीन. मग तिने स्वतःच पिशवी काढून जेटीवर ठेवली आणि तिच्यावर दगड ठेवला. सगळ्यात शेवटी बाबा आले. ते पुढच्या कोपऱ्यात बसले. त्यांची झडती घ्यायची मला हिंमत झाली नाही. त्यांनीच सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला.

बोट सुटली. ताईने सुरुवातीलाच जोर लावला. हळू निघालं तर बोट पाण्यात जास्त खाली बसते. माणसं भरून, भर सुकतीत, गुडघाभर पाण्यावरून आम्ही निघालो. स्टील आत एका सुरात गात होतं. शिरगुप्पे साहेब बाकाला दोन्ही हातांनी धरून होते आणि मधूनमधून पाणी किती आहे असं विचारत होते. मी म्हटलं, साहेब, तुमची चप्पल भिजेल एवढं. त्यांनी पाय वर घेतले.

वळण आलं. ताईने इंजिन कमी केलं, कारण करावंच लागतं. लोकांनी हात जोडले. रिकामे हात. मी सगळ्यांच्या बोटांकडे बघत होतो. शालूकाकीच्या, पुजाऱ्याच्या, बाबांच्या. कुठेही काही नव्हतं. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी शिरगुप्पे साहेबांनी आदराने लाइफ जॅकेटखाली हात घातला आणि एक नाणं काढलं. घाटावरची माणसं कुठलंही पाणी ओलांडताना टाकतात. त्यांची झडती कोणी घेणार नव्हतं. आम्ही सगळी बोट तपासली आणि परीक्षकाला सोडलं होतं.

साहेबांना अडवलं तर चाचणी घेतात की रद्द करतात, हे मला कळेना. साहेबांनी नाणं कपाळाला लावलं आणि हात बाहेर काढला.

बाबांनी पुढे वाकून त्यांचं मनगट धरलं.

"साहेब, माका द्या. मी नेऊन देतंय तिका."

साहेब गोंधळले, पण नाणं दिलं. बाबांनी ते मुठीत घेतलं, एक पाय बोटीच्या कडेवरून पलीकडे टाकला आणि दुसरा टाकला. पाणी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं. ताईचा हात इंजिनचा जोर वाढवायच्या दांड्यावर होता आणि तो मागे यायला लागला होता. बोट तिथे थांबली असती तर वाळूवर बसली असती.

"थांबा नको, संजू," बाबा म्हणाले. "जा."

ताईचं नाव संजीवनी. बाबांनी तिला संजू म्हणून मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने दांडा पुढे लोटला. मागच्या फवाऱ्याने बाबा डोक्यापर्यंत भिजले आणि खडकाकडे चालू लागले. ताईने मागे वळून पाहिलं नाही. वळणावर मागे बघता येत नाही, हे तिने नंतर मला दोनदा सांगितलं, मी विचारलेलं नसताना.

"अहो, माणूस पडला," साहेब म्हणाले.

"पडला नाही, साहेब. उतरला," मी म्हटलं.

"आता तो परत कसा येणार?"

मी म्हटलं, त्यांना पाण्याची माहिती आहे.

पलीकडच्या जेटीला टेकलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे साहेबांकडे बघत होते. साहेबांनी माणसं मोजली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पूर्ण भार असायला हवा आणि एक माणूस कमी. नियमात मधेच उतरणाऱ्याचं काही लिहिलेलं नाही. ते खरोखर अडचणीत आले होते. शालूकाकी उठून उभी राहिली. बोट एका बाजूला कलली.

"माका दोघांत धरा," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि धरलं.

परतताना वळणावर ताईने पुन्हा इंजिन कमी केलं. बाबा खडकावर बसले होते. त्यांनी तिथूनच हात हलवला, पुढे, पुढे, जसा होडीवाले एकमेकांना करतात. ताई गेली. आमच्या काठाला लागलो तेव्हा साहेबांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं, ठेका तुमचाच असं सांगितलं, लाइफ जॅकेट न काढता जीपमध्ये बसले आणि निघून गेले. मग लोकांनी आवाज केला. पुजाऱ्याने पंपाला नारळ फोडायची परवानगी मागितली. ताईने दिली आणि त्याने तो पंपापासून लांब फोडला.

मी जुनी होडी घेऊन बाबांना आणायला निघालो. सूर्य खाली गेला होता, भरती चढत होती. खडकाभोवती पाणी आलं होतं आणि बाबा देवीला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन बसले होते. नाणं त्यांनी शेंदरात चिकटवून ठेवलं होतं. मी होडी लावली. ते उतरून आत आले, समोर बसले. चाचणीचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. काठावरचा आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता. मी वल्हवत होतो आणि काहीतरी हलकं बोलायला शोधत होतो. शालूकाकी दोन माणसांत धरली गेल्याचं सांगितलं. ते थोडे हसले.

मग खडपाई मागे पडल्यावर म्हणाले, "त्या दिवशी मी उतरलंय असतंय तर होडी हलकी झाली असती. रेवेवरसून सुटली असती."

मी वल्हवायचा थांबलो.

"माका कळत होता. सगळा कळत होता. पण तुझ्या आयेन माझो हात धरल्यान होतो."

होडी प्रवाहाने तिरकी व्हायला लागली. त्यांनी माझ्याकडून वल्हं घेतलं आणि ती सरळ केली.